खिडकीबाहेरचा समुद्र

१ जुलै, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं, कारण बोलायला गेलो की भांडण होतं. घरी दादाशी होतं, कामावर सावलीकाकांशी होतं, आणि जिच्याशी बोलावंसं वाटतं तिच्यापुढे तोंडाला कुलूप लागतं. वही बरी. उलट उत्तर देत नाही.

आधी परिस्थिती लिहून ठेवतो. इंजिनिअरिंग मी अडीच वर्षांनी सोडलं आणि गेला महिनाभर इफेक्ट्सच्या स्टुडिओत उमेदवारी करतोय. सिनेमात जे नसतं ते आम्ही घालतो, जे असतं ते पुसतो. दादाशी करार असा की ३१ ऑगस्टपर्यंत स्टुडिओने कायम केलं तर तो जन्मात कॉलेजचं नाव काढणार नाही. नाही केलं तर पुनर्प्रवेशाचा फॉर्म मी निमूट भरायचा. त्याचीही मुदत तीच. फॉर्म त्याने आत्ताच आणून फ्रिजला चिकटवलाय. पाणी प्यायला गेलं की तोंडासमोर. वहिनी म्हणाली, "पडायला नको म्हणून मी दोन चुंबकं लावलीत हं भावजी." या घराचा माझ्यावर असा विश्वास.

स्टुडिओत मला 'अर्धा इंजिनिअर' म्हणतात. म्हणोत. मीही सगळ्यांना नावं ठेवलीत, फक्त मनात. सावलीकाका हे आमच्या खोलीतलं सगळ्यात जुनं सामान. पूर्वी म्हणे काचेवर रंगाने डोंगर रंगवायचे. पडद्यावर काहीही ठेवा, हे मागून येऊन म्हणणार, "आधी सावली." आज मी रस्त्यावर एक मोटार बसवत होतो. आले.

"मोटार कोणीही बसवतो रे. चाकाखालचा काळा बघ. कप टेबलावर आहे हे कप सांगत नाही, कपाखालचा काळा सांगतो."

मी म्हटलं, "काका, मोटार धावतेय. सावलीकडे बघायला कुणाला वेळ आहे?"

"बघत कोणी नाही. पण नसली तर सगळ्यांना कळतं."

याचा त्यांना पगार मिळतो.

५ जुलै, शुक्रवार

आज वहीचं सार्थक.

ती पलीकडच्या टेबलावर बसते. सिनेमाची नावं, पाट्या, शेवटची लांबलचक यादी, सगळी हलणारी अक्षरं तिची. अक्षरवाली. सकाळी एक 'क' उजवीकडून धावत आणून थांबवत होती. पुन्हा पुन्हा. मी धीर करून विचारलं, "आलाय की तो जागेवर, अजून काय?"

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलाय, पण भिंतीवर आपटल्यासारखा. धावत आलेलं माणूस थांबताना किंचित पुढे जातं, मग मागे येतं. वजन असतं ना त्याला."

एका 'क'ला वजन असतं हे मला अडीच वर्षांत एकाही प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं.

आणि दुपारी तिने आपणहून माझं पूर्ण नाव विचारलं! वडिलांच्या नावासकट! वहीत लिहून घेतलं. मग आमच्या खोलीतल्या बाकीच्या आठ जणांचीही विचारली, पण ते उगाच, कुणाला संशय नको म्हणून.

९ जुलै, मंगळवार

मला कामं मिळाली. सरावाला दिलेली मोटार धरून पाच छोटे शॉट आणि एक मोठा. मोठा म्हणजे चारशे बारा फ्रेमचा, पडद्यावर जेमतेम सतरा सेकंद. नायिका बसच्या खिडकीशी बसलीय, केस वाऱ्यावर, बाहेर समुद्र. प्रत्यक्षात बस वाहनतळात उभी होती, बाहेर हिरवं कापड ताणलं होतं आणि वारा म्हणजे एक पंखा. हिरवं काढायचं, समुद्र घालायचा. माझ्या कायमपणाचा निर्णय या शॉटवर, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मॅडम म्हणजे मालकीण. बोलतात कमी, बघतात जास्त.

काकांचं प्रवचन लगेच सुरू. "सगळे केस एका झटक्यात कापायला जाऊ नकोस. डोक्याचा आतला भाग वेगळा कर, तो घट्ट. कड वेगळी कर, ती मऊ. आणि खिडकीची काच पुसू नकोस. तिच्यातलं प्रतिबिंब, ओरखडे, बोटांचे ठसे, सगळं राहू दे. फक्त हिरवेपणा काढ. काच गेली की बाई हवेत बसलेली दिसेल."

बोटांचे ठसे राहू दे! चित्रीकरणाच्या लोकांना साधी काच पुसता आली नाही, ते आम्ही जपून ठेवायचं. मी सगळं स्वच्छ केलं. काच नाहीच असं वाटतं आता. इतकं स्वच्छ.

१६ जुलै, मंगळवार

या माणसाला रंग दिसत नाहीत, हा रंग वाचतो. शपथेवर लिहितो. माऊस नायिकेवर नेऊन ठेवतात आणि खाली येणारे रंगाचे आकडे पुटपुटतात. कपाळ, हनुवटी, कॉलर. दर वेळी याच तीन जागा, देवळात घंटा वाजवावी तशा.

"काळा कधी पूर्ण काळा नसतो. लांबच्या डोंगराचा काळा आणि जवळच्या केसांचा काळा मोजून बघ. लांबचा फिकाच असणार, मधे हवा असते."

"डोळ्यांनी दिसतंय की काका."

"डोळ्यांवर विसंबू नये," असं म्हणून नाक पडद्याला टेकेल इतके वाकून बघत बसले. मग विचारतात, "समुद्र कसा वाटतोय?"

"समुद्रासारखा."

"तसं नाही. हिरवट की निळसर?"

पडदा त्यांच्यासमोर, प्रश्न मला! शाळेत मास्तर फळ्यावर लिहिलेलंच विचारायचे, तसं. मी चिडून म्हटलं, "निळसर. डावीकडे जरा हिरवट. ढगाच्या कडेला किंचित जांभळं आहे, ते चुकीचं आहे. सांगू का अजून?"

"सांग ना," म्हणाले. आणि मी सांगत गेलो तसे आकडे बदलत गेले. दहा मिनिटं. आपलं काम माझ्याकडून करून घेतात आणि वर परीक्षेचा आव.

नंतर चहा ओतताना कपाबाहेर ओतला. ज्याला कप सापडत नाही तो कपाखालचा काळा शिकवतो!

२३ जुलै, मंगळवार

पहिले तीन छोटे शॉट पास. मॅडम म्हणाल्या, "कडा छान आल्यात." सगळ्यांसमोर. ती ऐकत होती.

मी दादाला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "छान." आणि फ्रिजवरचा फॉर्म सरळ केला.

एक बारीक गंमत. आमच्याकडे काम साठवताना प्रत्येक वेळी नवा आकडा द्यायचा नियम आहे, जुन्यावर कधी लिहायचं नाही. मोटारीचा शॉट मी सातव्या व्हर्जनला सोडला होता. आज पडद्यावर आठवं लागलं. म्हटलं, साठवताना बटण दोनदा दाबलं गेलं असेल.

२९ जुलै, सोमवार

पाचही पास! मी जन्मजात आहे या कामाला. तेवढ्यात पुन्हा तेच: मी सोडलं नववं, पास झालं दहावं. दुसरा सहावर सोडला, पास सातवं. बटण पाचही वेळा दोनदा दाबलं जात नसतं.

मी आधीचं, मोटारीचं आठवं उघडलं. मोटारीखाली सावली. मऊ, चाकाशी गडद, बाहेर विरत जाणारी. दुसऱ्यात फिल्मवर असते तशी बारीक खरखर, म्हणजे दाणा, चढवलाय, मी घातलेल्या भिंतीला, बाकीच्या चित्रासारखाच. मी हे केलं नव्हतं. कुणीतरी माझ्या मागे येऊन गुपचूप माझं काम सजवून जातंय.

खोलीत माझ्याआधी कोण येतं? मी नऊला येतो. ती साडेआठपासून असते. (सावलीकाका आठलाच येतात, पण ते म्हातारपणामुळे.)

आणि आज ती मला जिन्यात म्हणाली, "मोटारीची सावली फार सुरेख झालीय हं." हे म्हणताना हसली. अगदी, जणू दोघांनाच ठाऊक असलेलं काही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

काम होत नाही. चारशे बारा फ्रेममधली प्रत्येक बट तिची वाटते. मी बारावं व्हर्जन सोडून शांत बसलो. उद्या सकाळी तेरावं झालेलं असेल. मला ठाऊक आहे कुणाच्या हाताने.

काका येऊन म्हणाले, "काच पुसलीस ना शेवटी."

"पुसली."

"बरं," म्हणाले आणि गेले. वादही घातला नाही. हरले की माणसं अशी गप्प होतात.

६ ऑगस्ट, मंगळवार

लिहू की नको.

तेरावं झालं होतं. खिडकीला काच आली होती. काचेत बसचे दांडे हलके दिसत होते, खालच्या कोपऱ्यात बोटांचे ठसे, आणि त्यातून समुद्र. नायिका पहिल्यांदा बसमध्ये बसलेली दिसली. मी ते बघत राहिलो आणि ठरवलं की आता बोलायचंच.

जेवणाच्या सुट्टीत गॅलरीत तिला गाठलं. म्हटलं, "मला सगळं कळलंय. तू माझ्यासाठी जे करतेस ते."

"काय करते?"

"सावल्या. दाणा. काच. रोज लवकर येऊन."

तिने डबा बंद केला. "अरे, मला माझी अक्षरं आवरेनात. तुझ्या सावल्या मी कशाला करू?"

"मग त्या दिवशी हसलीस का?"

"कारण तू कधी सावली घालशील असं वाटलं नव्हतं."

मी तरीही जे बोलायचं ते बोलून टाकलं. शब्द लिहीत नाही, वहीलाही लाज वाटेल. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू मला दोन महिन्यांत एक प्रश्न विचारलायस, तोही त्या 'क'बद्दल. मी कुठे राहते, मला काय आवडतं, लग्न झालंय का, काही ठाऊक आहे का तुला? तुला मी आवडत नाही रे. तुझं काम पास करणारं कुणीतरी आवडतं." उठताना म्हणाली, "आणि फाइल कुणी साठवली ते फाइलवरच लिहिलेलं असतं. अर्धा इंजिनिअर ना तू? वाच."

वाचलं. सहाच्या सहा ठिकाणी सावलीकाका.

८ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस डोकं तापलंय. हा सगळा कट आहे. माझ्या फाइलींत हात घालायचा, शेवटी मॅडमना दाखवायचं की बघा, पोराला काही येत नाही, सगळं मीच केलं. माझं कायम होणं या माणसाच्या हातात. दादा म्हणाला, "कोण म्हातारा तुझ्यासाठी फुकट राबेल? नक्की काहीतरी हिशेब असणार." दादा आणि माझं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं.

पण मीही बघत बसलेलो नाही. महिनाभर प्रश्न विचारून विचारून त्यांनी स्वतःच सांगून टाकलंय. हिरवट की निळसर! त्यांना निळं दिसतच नाही. रंगाच्या धंद्यात रंग न दिसणारा माणूस, आणि तो आम्हाला शिकवतो.

उद्या निर्मात्याचा माणूस येणार आहे. तेराव्यावरूनच खिडकीच्या शॉटचं चौदावं व्हर्जन मी तयार केलं. नायिकेच्या गालाच्या अंधाऱ्या बाजूला आणि गळ्याला निळा चढवला. चाळीस फ्रेम. कपाळ, हनुवटी, कॉलर यांना हात लावला नाही. आकडे तिथलेच वाचतात ते.

मग स्वतः त्यांच्याकडे गेलो. "काका, उद्याच्या आधी एकदा बघता?"

दोन महिन्यांत मी पहिल्यांदा स्वतः होऊन विचारत होतो. खुर्ची ओढून घेतली त्यांनी, चष्मा पुसला. पूर्ण शॉट तीनदा बघितला. कपाळ, हनुवटी, कॉलर. "छान," म्हणाले. "काच ठेवलीस ना! रंग तर तुझे चांगलेच असतात. जाऊ दे पुढे."

आत कुठेतरी टोचलं. पण कट करणाऱ्यासाठी टोचून घेत बसलं तर झालंच.

९ ऑगस्ट, शुक्रवार

झालं.

अंधाऱ्या खोलीत मॅडम, निर्मात्याचा माणूस, काका, मी, मागे इतर. शॉट लागला. निर्मात्याचा माणूस म्हणाला, "बाईंच्या गळ्याला काय झालंय? कुणी आवळलाय का?" मागचे हसले.

मॅडमनी विचारलं, "हे कुणी पास केलं?"

काका म्हणाले, "मी."

"तुम्हाला हे दिसलं नाही?"

मी उभा राहिलो. "त्यांना दिसतच नाही मॅडम. निळं दिसत नाही त्यांना. म्हणून ते मला विचारत बसतात. आणि माझ्या फाइलींत माझ्या मागे हात घालतात. हा निळा मी मुद्दाम चढवलाय, हेच दाखवायला."

मला वाटलं होतं की टाळ्या नाही तरी निदान कुजबुज होईल. निर्मात्याचा माणूस फोन बघायला लागला. काकांनी चष्मा काढला, आणि चष्म्याशिवाय ते एकदम कुणाचे तरी आजोबा दिसले.

"बरोबर आहे," म्हणाले. "मोतीबिंदू आहे. दीड वर्ष झालं. सांगायला हवं होतं."

मॅडम दिवे लावून म्हणाल्या, "तुम्ही उद्या डॉक्टरकडे जाताय. मी येते सोबत." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू. पाच शॉट तुझे म्हणून मी पास केले. ते तुझे होते?"

"माझेच. फक्त शेवटी..."

"शेवटी म्हणजे जे मी पास केलं तेच ना?"

मी खाली बसलो.

"खिडकी नव्याने कर. पहिल्या व्हर्जनपासून, एकट्याने. सत्तावीस तारखेला बघते. तुझ्या फाइलीला कुणी हात लावणार नाही याची हमी मी देते. तेवढीच तक्रार होती ना?"

मी जिंकलो असलं पाहिजे. मग कुणी माझ्याशी बोलत का नाही?

१२ ऑगस्ट, सोमवार

काकांचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यांची खुर्ची रिकामी. खोली किती शांत आहे! कुणी मागून येत नाही. सावली नाही, काळा नाही, काही नाही.

पहिलं व्हर्जन दुपारी मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कापून चिकटवलेली बाई." दुसरं दाखवलं. म्हणाल्या, "आता जास्त नीट कापून चिकटवलेली बाई."

१९ ऑगस्ट, सोमवार

आठवडाभर केस कापतोय. न्हावी बरा, त्याचं गिऱ्हाईक निदान उठून जातं.

आज लाज सोडून जुनं बारावं आणि तेरावं शेजारी शेजारी लावलं, थर एकेक बंद करत गेलो. बाराव्यात, म्हणजे माझ्यात, चार थर. तेराव्यात तेवीस. आतला घट्ट भाग. मऊ कड. सुट्या बटांसाठी वेगळा थर, त्यातली एक बट फ्रेम दोनशे साठपासून हाताने, अक्षरशः हाताने काढलेली, कारण हिरव्या कापडासमोरची ती बट पंख्याने इतकी उडालेली की यंत्राला सापडलीच नव्हती. समुद्राचा उजेड केसांच्या कडेवर किंचित सांडलेला. मग काच. मग दाणा. प्रत्येक थराला नाव दिलेलं, वापरणाऱ्याला कळावं म्हणून. एका थराचं नाव होतं: 'रंग त्याचेच, हात लावू नये.'

त्या थरात काहीच बदललेलं नव्हतं. तेवीसातला तेवढा एक माझा होता.

मी ही वही मागून पुढे चाळली. थट्टा म्हणून उतरवलेलं सगळं इथे आहे. शहाणपणा ज्याच्या त्याच्या पानावर, आणि त्याखाली माझं खिदळणं. आधीचे पाच शॉटही उघडून बघितले. गाढव माणूस गाढवासारखं कसं लिहितो याचा उत्तम नमुना हवा असेल तर पाने पहिली ते अकरावी.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

नववं व्हर्जन. काच घातली. ठसे मूळ चित्रातून परत आणले, एकेक. अक्षरवाली मागून गेली, थांबली. मी वळून बघितलं नाही. काम होतं.

दादाने विचारलं, "काय वाटतं, होशील कायम?"

मी म्हटलं, "ठाऊक नाही."

तो घाबरला. म्हणाला, "बरं आहे ना तुला?"

२७ ऑगस्ट, मंगळवार

चौदावं व्हर्जन. पास. निर्मात्याचा माणूस काही बोललाच नाही. शॉट संपला आणि त्याने पुढचा लावायला सांगितला. कुणी काही न बोलणं हीच आमच्यातली शाबासकी, हे मला आज कळलं.

मॅडमनी नंतर केबिनमध्ये बोलावलं. "हा एक शॉट तुझा आहे. एकावर मी कायम करत नाही. कुणाच्या तरी हाताखाली वर्षभर बसायला हवंस. आणि शिकवणारा माझ्याकडे एकच आहे. पुढच्या आठवड्यात ते परत येतायत. ते घेतो म्हणाले, तर शनिवारी सही करते. विचार त्यांना. स्वतः जाऊन."

"तुम्ही सांगितलंत तर..."

"मी नाही सांगणार."

२९ ऑगस्ट, गुरुवार

काकांच्या घरी गेलो. तिसरा मजला. काकूंनी दार उघडलं, मी कोण ते सांगितल्यावर दार तसंच अर्धं धरून उभ्या राहिल्या. आतून आवाज आला, "येऊ दे गं. त्याला निदान माझा नवा डोळा बघू दे."

काका काळा चष्मा लावून टीव्हीसमोर बसले होते. आमच्याच स्टुडिओचा गेल्या वर्षीचा सिनेमा. "बस. हे बघ, हे मी केलेलं. सगळं निळंभोर! नीळ घातलेल्या बादलीत बुडवून काढल्यासारखं. आणि मॅडम लोकांना सांगत होत्या, ही आमची खास शैली." खदखदून हसले. काकू आतून म्हणाल्या, "हसू नका, डोळ्याला ताण येतो."

मी लॅपटॉपवर शॉट दाखवला. आकडे वाचले नाहीत त्यांनी. नुसतं बघितलं, एकदाच.

"उजवीकडची बट हाताने काढलीस?"

"हो. तुमची बघून."

"माझ्यापेक्षा बरी आहे. माझी जरा जाड आली होती." मग म्हणाले, "मलाही बोलायचं होतं. तुला न सांगता तुझं काम बदलायचं, ही लबाडीच. मला वाटलं, रंग तू बघतोयस, बाकी मी बघतो, दोघांचं मिळून एक धड माणूस होतंय. कळलं असतं तर मला घरी बसवलं असतं. भ्यालो. तुझ्या नावाखाली लपलो मी, पोरा."

मला वाटलं की झालं, माणूस विरघळला. विचारून टाकलं. तुमच्या हाताखाली घ्याल का, शनिवारच्या आत मॅडमना सांगावं लागेल, नाहीतर कॉलेज. सगळं एका दमात.

त्यांनी टीव्ही बंद केला.

"नाही," म्हणाले.

"काका, सगळ्यांसमोर बोललो ते चुकलंच..."

"त्याचं काही नाही रे. खरंच बोललास, आणि तू बोलला नसतास तर मी अजून वर्षभर भिंती चाचपडत बसलो असतो. पण तू चाळीस फ्रेम मुद्दाम खराब केल्यास. चांगल्या झालेल्या." आवाज चढला नाही. "चुकून बिघडलेलं मी आयुष्यभर दुरुस्त करत आलोय, तुझंही केलं. मुद्दाम बिघडवणाऱ्याच्या शेजारी मला बसता येणार नाही. तू खुर्चीत असताना मी दर वेळी बघत बसेन, आज हा काय करून ठेवतोय."

"परत कधी नाही करणार."

"नसशीलही. पण ते मला बघत बसावं लागेल, आणि मला नवा डोळा त्यासाठी नको आहे."

काकूंनी चहा आणला होता. दोघांचा. पिऊन होईपर्यंत मला बसावं लागलं. जिन्यात उतरताना इतका राग आला, इतका राग, आणि तो ठेवायला जागा सापडेना. त्यांच्यावर ठेवून बघितला. टिकेना.

३१ ऑगस्ट, शनिवार

काल मॅडमना सांगितलं की ते नाही म्हणाले. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं, चाळीस फ्रेमसकट. त्या म्हणाल्या, "ते मलाही तेव्हाच खटकलं होतं." हात पुढे केला. टेबल रिकामं करायला चार मिनिटं लागली. अक्षरवालीने विचारलं, "खिडकीचा शॉट शेवटी कुणाचा म्हणून जाणार?" मी म्हटलं, "माझा." ती म्हणाली, "बरं," आणि आपल्या कामाला लागली.

सकाळी दादाबरोबर कॉलेजात रांगेत उभा राहिलो. पुढे माझ्याहून दोन वर्षांनी लहान पोरं, आयांना बरोबर घेऊन आलेली. दादाला जिंकल्याचा आनंद लपवता येत नव्हता, दर पाच मिनिटांनी "पाणी हवं का?" विचारत होता. मी फॉर्म खिडकीच्या कठड्यावर ठेवून भरत गेलो. नाव. वर्ष. विषय. मग रकाना होता: 'शिक्षणात खंड पडला असल्यास त्या काळात काय केले ते लिहा.' तीन ओळी सोडलेल्या.

दादा म्हणाला, "लिही, प्रकृती ठीक नव्हती. सगळे तेच लिहितात."

मी लिहिलं: 'सहा कामे केली. त्यातली पाच दुसऱ्याने दुरुस्त केली. एक चांगले झालेले मी स्वतः बिघडवले, आणि नंतर तेच पुन्हा पहिल्यापासून केले.'

दादाने वाचलं. "असं लिहितात का फॉर्ममध्ये? ते काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"खोड ते."

कारकुनाने खिडकीतून हात बाहेर काढला होता. मी फॉर्म त्याच्या हातात दिला.